स्वयंसेविकेचा दिवस आणि तिचा मोबदला

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

परदेशातील ग्रामीण आरोग्यसेवेचा अनुभव सांगावा, असे चालकांनी मला सुचविले आहे. अनुभव हा शब्द मोठा झाला. २००९ साली बांगलादेशात गेलो असता माणिकगंज जिल्ह्यातील एका खेड्यात मी एक दिवस मुलांच्या वजनाचा काटा वाहिला, इतकेच. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला याहून जबाबदारीचे काम कोणी देऊही नये.

ज्यांच्या मागून मी हिंडलो त्या बाई 'स्वास्थ्य सेविका' होत्या. 'ब्रॅक' या संस्थेने शिकविलेल्या, त्याच गावच्या. गाव त्यांना 'आपा' म्हणे. भल्या सकाळी एक क्षयरोगी अंगणात येऊन त्यांच्यादेखत गोळ्या गिळून गेला. दुपारी एका घरी वर्षाचे मूल जुलाबाने मलूल झालेले आढळले. डोळे खोल गेले होते, पण पाणी दिसताच ते अधाशासारखे ओढून घेई. आपांनी स्वतः भांड्याला हात लावला नाही. आजीकडूनच मीठ-गुळाचे पाणी करवून घेतले आणि मुलाला लघवी होईपर्यंत त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. तेवढ्यात निरोप आला की एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही. सायकलची मालवाहू गाडी मिळवून तिला उपजिल्ह्याच्या रुग्णालयात नेईतो अंधार पडला. ती वाचली.

हे मीठ-गुळाचे पाणी तिथे आपोआप रुजलेले नाही. १९८० ते १९९० या दशकात ब्रॅकच्या स्त्री-कार्यकर्त्यांनी एक कोटी वीस लाखांहून अधिक घरी जाऊन ते शिकविले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. गंमत अशी की त्यांचा मोबदला मातांच्या स्मरणावर ठरे. मागाहून तपासनीस जाऊन निवडक घरांतून प्रश्न विचारीत. उत्तरे बरोबर आली तर पैसे अधिक. आरंभी मातांना पाठ झाले, पण त्या ते वापरीनात! कारण शिकविणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. मग त्यांना ढाक्याच्या कॉलरा रुग्णालयात नेऊन रोगी बरे होताना दाखविले.

त्या कार्यकर्त्यांना निदान कामाचे पैसे होते. आपांना पगार नव्हता, त्या 'स्वयंसेविका'! साबण, गोळ्या, क्षारांची पाकिटे विकून उरेल तो नफा त्यांचा. क्षयरोगी उपचाराच्या आरंभी अनामत ठेवी, आणि उपचार पुरे झाले म्हणजे तिच्यातील काही भाग सेविकेला मिळे. म्हणजे मजुरी कोणी दिली? रोग्याने. माझ्या त्या दिवसाचा हिशेब असा, की उंबऱ्यावर गेलेल्या वेळात आणि रुग्णालयाच्या वाटेवर त्यांची विक्री काहीच झाली नाही. ज्या दिवशी त्यांनी समाजाला सर्वाधिक दिले, त्या दिवशी त्या सर्वांत कमी मिळवत्या झाल्या. अशा रचनेत शहाणी बाई साबण विकत फिरेल आणि उंबऱ्यावर बसणार नाही. आपा बसल्या, हा त्यांचा चांगुलपणा. त्यावर आरोग्ययोजना उभारणे ही मात्र राज्यकर्त्यांची चलाखी आहे.

आपल्याकडे २००५ नंतर नेमल्या गेलेल्या आशाताईंनाही सरकार स्वयंसेविकाच म्हणते आणि त्यांच्या हाती कामागणिक मोबदला ठेवते. २०२३ साली महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातील काहींनी सेवाभावाचा दाखला देऊन नापसंती दर्शविली. त्यांना माझी विनंती आहे. आपापल्या तालुक्यातील एका आशाताईंकडे बसा, प्रत्येक कामाचा दर लिहून घ्या आणि त्यासमोर लागलेले तास मांडा. तो तक्ता पुढील बैठकीत घेऊन या.