पुरुषाचे वंध्यत्व आणि एक जादा गुणसूत्र

लग्नाला चार-पाच वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की पहिले बोट रोखले जाते ते सुनेकडे. व्रते तिची, नवस तिचे आणि औषधेही तिलाच. पूर्वी एवढ्यानेही भागले नाही तर घरात सवत येई. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो मार्ग बंद केला. परंतु त्यामागची समजूत काही गेली नाही. पुरुष धडधाकट आहे, पतिपत्नींचे संबंध सुरळीत आहेत, मग दोष त्याच्यात असेलच कसा, असा प्रश्न अजूनही विचारला जातो.

या प्रश्नाच्या मुळाशी एक घोटाळा आहे. पुरुषत्व आणि जननक्षमता या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. वास्तविक त्या भिन्न आहेत. वृषणांकडे निसर्गाने दोन कामे सोपविली आहेत. टेस्टोस्टेरॉन नावाचा अंतःस्राव निर्माण करणे हे एक. कामेच्छा, दाढीमिशा, स्नायूंचे बळ यांचा आधार तोच. शुक्रजंतू निर्माण करणे हे दुसरे. पहिले काम बऱ्यापैकी चालू असताना दुसरे साफ बंद असू शकते. वीर्य डोळ्यांना नेहमीसारखेच दिसते. त्यात शुक्रजंतू आहेत की नाहीत, हे सूक्ष्मदर्शकावाचून कळत नाही.

हे असे का होते, याचे एक मोठे कारण उलगडण्यास सतरा वर्षे लागली. १९४२ साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. हॅरी क्लाइनफेल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ पुरुषांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची वृषणे लहान होती, छाती स्त्रियांसारखी किंचित भरलेली होती, आणि वीर्यात शुक्रजंतू नव्हते. एखाद्या अंतःस्रावाची उणीव असावी, असा त्या वेळी तर्क होता. १९५६ साली एक चमत्कारिक गोष्ट आढळली. सामान्यतः स्त्रियांच्या पेशींत दिसणारा एक गडद ठिपका अशा पुरुषांच्या पेशींतही दिसला. तेव्हा हे मूळचे स्त्रीच असावेत की काय, अशी शंका काही शास्त्रज्ञांना आली. १९५९ साली एडिंबरो येथे पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी अशा एका रुग्णाची गुणसूत्रे मोजली आणि शंकेचे निरसन झाले.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे असतात ४६. त्यांतली लिंग ठरविणारी दोन. स्त्रीमध्ये दोन्ही ‘एक्स’, पुरुषात एक ‘एक्स’ व एक ‘वाय’. या रुग्णात ती ४७ भरली. ‘वाय’ जागेवर होते, म्हणून तो पुरुषच होता. मात्र ‘एक्स’ एकाऐवजी दोन होते. या जादा गुणसूत्रामुळे वयात येण्याच्या सुमारास वृषणांतील शुक्रजंतू निर्माण करणारा भाग झिजत जातो आणि पुढे टेस्टोस्टेरॉनही उणे पडू लागते.

हा दोष गुणसूत्रांचा असला तरी घराण्यातून चालत आलेला नसतो. स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते, आणि ती चूक मातेकडून जितकी संभवते तितकीच पित्याकडूनही. तेव्हा कुळाला बोल लावण्यात अर्थ नाही.

ही अवस्था वाटते तितकी विरळा नाही. सुमारे सहाशे मुलग्यांमागे एकात ती असते. तरीही डेन्मार्कसारख्या देशात, जिथे रुग्णांच्या नोंदी काटेकोर ठेवल्या जातात, अशा पुरुषांपैकी जेमतेम एक चतुर्थांशांचे निदान हयातीत होते असे आढळले. इतरांना आयुष्यभर पत्ताच लागत नाही. कारण उंची थोडी जास्त, दाढी विरळ, लवकर येणारा थकवा, मंदावलेली इच्छा, एवढ्यावरून कोण वैद्याकडे जातो? आणि गेलाच, तर लाजेमुळे खरे दुखणे सांगत नाही. टेस्टोस्टेरॉनच्या उणिवेने हाडे ठिसूळ होतात, मधुमेहाचा धोकाही वाढतो. म्हणून हा संकोच महागात पडतो.

उपाय आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिले की उत्साह, स्नायू, हाडे व कामेच्छा यांना उभारी मिळते. मात्र तेच औषध वृषणांतील उरलीसुरली शुक्रजंतूनिर्मिती दडपून टाकते. ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणून ते परस्पर घेणाऱ्याला हे ठाऊक नसते. अपत्याची इच्छा असेल, तर आधी तज्ज्ञाकडून वृषणांत शुक्रजंतू शोधून घ्यावेत. सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेने अशा पुरुषांपैकी सुमारे चाळीस ते पन्नास टक्क्यांत ते मिळतात. १९९२ सालापासून एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडण्याची रीतही उपलब्ध आहे. या मार्गाने जन्मलेली बहुतेक मुले गुणसूत्रांच्या दृष्टीने निर्दोष निघाली आहेत.

म्हणून मूल होत नसेल तर दोघांची तपासणी एकाच वेळी व्हावी. वीर्यतपासणी साधी, अल्प खर्चाची आणि वेदनारहित आहे. तीत शुक्रजंतू न आढळल्यास रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून गुणसूत्रे मोजता येतात. स्त्रीला मात्र याच शोधासाठी कितीतरी कष्टदायक तपासण्यांतून आणि त्याहून कष्टदायक बोलण्यांतून जावे लागते. नवऱ्याने पहिल्याच महिन्यात ती साधी तपासणी करून घेतली, तर तिची कित्येक वर्षांची यातना वाचेल; आणि त्याच्या स्वतःच्या प्रकृतीचे जे दुखणे लाजेपोटी झाकलेले राहिले असते, त्यावरही वेळीच इलाज होईल.