निकाल कसा वाचावा आणि पुढे काय करावे
(लाखांदूर येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही धानाच्या गिरणीत काम करणारे. शाळेत आठवीपर्यंत गेलो, पुढचे जे काही शिकलो ते याच विहारात वर्तमानपत्र आणि पुस्तके वाचून. अशा माणसाने कलेक्टरच्या परीक्षेवर बोलावे याचे कोणाला हसू येईल. पण परीक्षा पोरगा देतो आणि निकाल अख्ख्या घराला लागतो, मोहल्ल्याला लागतो. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करू. १९५४ साली भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब स्वतः उभे होते. ज्यांनी देशाला संविधान दिले त्यांचा आपल्या भंडाऱ्याने पराभव केला. त्याआधी १९५२ ला मुंबईतही तसेच झाले होते. हे दोन निकाल पाहून कोणी म्हटले असते की आता या माणसाचे संपले, तर तो किती चुकला असता! १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. निकालाने एक दार बंद केले म्हणून बाबासाहेबांचे काम थांबले नाही. ही गोष्ट भंडारा जिल्ह्यातल्या माणसाने तरी विसरू नये.

आता आमची एक चूक कबूल करतो. आपल्याच वस्तीतला एक मुलगा २०२३ च्या युपीएससीच्या पूर्वपरीक्षेला बसला. यादीत नंबर आला नाही. आम्ही सगळे त्याच्या घरी गेलो. कोणी म्हणे, "काहून बाबू, इतिहास कमी पडला का?" कोणी म्हणे, "नशिबात नव्हतं." आम्ही सांगितले, रोजचे वाचन वाढव. त्याने वर्षभर रात्रंदिवस तेच केले. एप्रिल २०२४ मध्ये अंतिम निकाल लागला, त्यानंतर पूर्वपरीक्षेचे गुण कळले. पहिल्या पेपरात तो अनुसूचित जातीच्या कट-ऑफच्या वर होता. दुसऱ्या पेपरात, ज्याला सीसॅट म्हणतात, त्याला २०० पैकी ३३ टक्केसुद्धा नव्हते. दुखणे एक आणि औषध दुसऱ्याचे, असे आम्ही वर्षभर केले. पुढची परीक्षा जूनमध्ये, हाती दोन महिने राहिले होते. त्याचे ते वर्ष गेले त्यात आमचाही हात आहे.

बंधू-भगिनींनो, नशीब हा शब्द बौद्धाच्या घरात शोभत नाही. बुद्धाने सांगितले की प्रत्येक गोष्टीला कारण असते. मग नापास होण्यालाही कारण असणारच. ते शोधावे लागते. त्यासाठी आधी परीक्षा कशी चालते ते आईबापांनीही समजून घ्यावे.

गिरणीत धान एका चाळणीने साफ होत नाही, तसे इथेही तीन टप्पे आहेत. पूर्वपरीक्षेत दोन पेपर. पहिल्याच्या गुणांवर यादी लागते, दुसऱ्यात फक्त ३३ टक्के पाहिजेत. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापले जातात. मुख्य परीक्षेत नऊ पेपर. त्यातले भाषेचे दोन केवळ पास होण्यापुरते. बाकी सातांचे १७५० गुण. मुलाखतीचे २७५. एकूण २०२५ गुणांवर अंतिम यादी लागते. पूर्वपरीक्षेचे गुण त्यात धरत नाहीत.

२०२४ च्या परीक्षेचे आकडे पाहा. अर्ज ९,९२,५९९. प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेला पात्र १४,६२७. मुलाखतीला २,८४५. शेवटी शिफारस १,००९ जणांची, त्यात अनुसूचित जातीचे १६०. म्हणजे मुलाखतीपर्यंत गेलेला पोरगा पावणेसहा लाखांतून वर आलेला असतो. तो गावात आला की आपण म्हणतो, "लागला नाही." हे आपले अज्ञान आहे, त्याचे अपयश नाही.

दुसरी गोष्ट कट-ऑफची. २०२३ साली पूर्वपरीक्षेचा सर्वसाधारण कट-ऑफ ७५.४१ आणि अनुसूचित जातीचा ५९.२५ होता. २०२४ ला तेच आकडे ८७.९८ आणि ७९.०३ झाले. एका वर्षात आपल्या गटाचा जवळपास वीस गुणांनी वर गेला. पेपर सोपा-अवघड होतो तशी चाळणीची जाळी बदलते. म्हणून "मागच्या साली एवढ्यावर लागले होते" या भरवशावर बसू नये. कालामांना बुद्धाने सांगितले की ऐकीव आहे म्हणून मानू नका, तपासून घ्या. क्लासच्या जाहिरातीलाही हाच नियम लावा.

आता कुठे अडले त्यावर पुढचे पाऊल ठरते. पूर्वपरीक्षेत अडला तर प्रश्नपत्रिका घरी आणता येते; आपण कोणते उत्तर दिले त्याची खूण तिच्यावर करून आणावी आणि त्याच आठवड्यात दोन्ही पेपर तपासावे. गुणांची वर्षभर वाट पाहू नये. मुख्य परीक्षेत अडला तर पेपरवार गुण पाहावे. निबंध, सामान्य अध्ययन की वैकल्पिक विषय, कमी कुठे पडले? तिथे वाचनापेक्षा लिहिण्याचा सराव लागतो. ही परीक्षा मराठीतून लिहिता येते आणि मुलाखतही मराठीतून देता येते, हे आपल्या कित्येक पालकांना माहीत नाही. मुलाखतीत अडला तर तो तयार माणूस आहे. अशांची माहिती, त्यांची संमती असेल तर, आयोग 'प्रतिभा सेतू' योजनेत नोकरी देणाऱ्यांपुढे ठेवतो. ती संमती द्यायला विसरू नये.

आपल्या एमपीएससीचेही समजून घ्या. ती आधी उत्तरतालिका काढते, हरकती मागवते, मग अंतिम तालिका देते. हरकतीची मुदत थोडी असते, ती चुकवू नये. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून लेखी वर्णनात्मक झाली आहे. त्यामुळे एका अभ्यासावर दोन्ही परीक्षा देणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले.

कागदपत्रांचे एक सांगतो. बौद्धांना केंद्राच्या नोकरीत अनुसूचित जातीची सवलत १९९० च्या कायद्याने मिळाली. त्याआधी धम्म घेतला म्हणून आपली पोरे तिथे वंचित राहत होती. एवढ्या लढ्याने मिळालेला हक्क एका कागदासाठी घालवू नका. केंद्राचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आज्याच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जे असेल ते निकालानंतर नाही, आजच काढून ठेवा.

आता सर्वांत अवघड बोलतो. युपीएससीत आपल्याला वयाच्या ३७ वर्षांपर्यंत कितीही वेळा बसता येते. ही सवलत आहे, सक्ती नाही. २०२१ साली पुण्यात एमपीएससीची मुख्य परीक्षा पास झालेल्या, मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुणाने जीव दिला. तो नापास नव्हता हो! वाट पाहून, कर्जाच्या आणि लोकांच्या बोलण्याच्या ओझ्याने अशी पोरे खचतात. म्हणून घरात बसून आधीच ठरवा: इतकी वर्षे, इतका पैसा, आणि सोबत पोटाला कोणता आधार. तलाठी, लिपिक, बँक, रेल्वे, ज्या जागा निघतील त्याही भराव्यात. नोकरी लागली म्हणजे मोठे स्वप्न सोडले असे होत नाही. बाबासाहेबांचेच पाहा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसा साठवला, १९२० ला परत गेले. तिथे डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तो त्यांनी पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ ला पदवी मिळवली. कमावून परत जाणे आणि दुरुस्त करून परत देणे, दोन्ही त्यांनी केले.

आणि माय-बहिणींनो, एक प्रश्न तुम्हाला नाही, आम्हा बापांना आहे. पोराला पाच वर्षे आणि पोरीला एकच संधी, मग लगीन, हा हिशेब कोणत्या धम्मात बसतो? २०२४ च्या १,००९ मध्ये २८४ मुली आहेत. त्यांच्या बापांनी वाट पाहिली म्हणूनच ना?

शेवटी समितीपुढे तीन सूचना ठेवतो. निकालानंतरच्या रविवारी पास-नापास सर्वांना विहारात बोलवावे, त्रिशरण-पंचशील घेऊन चहा पाजावा आणि गुणपत्रिका मांडून बसावे. दाखल्यांची एक वही विहारात ठेवावी. कोणाचा कोणता कागद अडला ते तिच्यात दिसले पाहिजे. नागपूरचे सरकारी प्रशिक्षण केंद्र आणि पुण्याची बार्टी यांच्या जाहिराती निघाल्या की त्याच दिवशी फलकावर लावाव्या.

नापास झालेला पोरगा विहाराच्या मागच्या गल्लीने घरी जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्याला समोरच्या दाराने आत यावेसे वाटले पाहिजे. एवढे या वर्षी झाले तरी हा वर्धापनदिन सार्थकी लागला असे आम्ही समजू.

जयभीम! नमो बुद्धाय!