दाखल्यानंतरचा विद्यार्थी

(प्राथमिक शिक्षकांच्या उजळणी वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाची एक ओळ असते. नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस आणि अखेरीस शाळा सोडल्याची तारीख व कारण. कारणाच्या रकान्यात बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’ किंवा ‘पुढील शिक्षणासाठी’ एवढेच शब्द आढळतात. शाळेपुरता तो विद्यार्थी तेथे संपतो. वस्तुतः शाळेच्या कामाची खरी परीक्षा त्या ओळीनंतर सुरू होते. मूल पुढे शिकले काय, कोणत्या वयात कामाला लागले, शाळेत मिळालेले लेखन-वाचन त्या कामात टिकले काय, या प्रश्नांची उत्तरे रजिस्टरात नसतात. ती कशी मिळवावयाची, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रश्न जुना आहे. १९२९ साली हार्टोग समितीने आपल्या अहवालात असे दाखविले की, १९२२-२३ साली पहिल्या इयत्तेत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथ्या इयत्तेत अवघी १८ मुले होती. ‘गळती’ व ‘स्थगिती’ हे शब्द शिक्षणाच्या चर्चेत रूढ झाले ते या अहवालामुळे. परंतु हा हिशेब इयत्तांच्या पटावरून केलेला होता. एका वर्षीचा पहिलीचा पट आणि तीन वर्षांनंतरचा चौथीचा पट यांची ती तुलना होती. कमी झालेल्या ८२ मुलांपैकी किती जणांनी शाळा सोडली, किती खालच्या इयत्तेतच अडकली, हे पटावरून कळत नाही. ते जाणण्यासाठी पटामागच्या मुलाकडेच जावे लागते.

त्या दिशेने महाराष्ट्रात पडलेले एक महत्त्वाचे पाऊल म्हणजे सातारा जिल्ह्यातील पाहण्या. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी तेथील प्राथमिक शिक्षणाविषयी केलेल्या दोन पाहण्यांचे अहवाल १९५५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. एकीचा विषय गळती व स्थगिती हा होता. दुसरीचा विषय त्याहून निराळा होता: जी मुले शिकून शाळेबाहेर पडली, त्यांपैकी किती जण पुढे पुन्हा निरक्षर झाली? हेच गाडगीळ आपल्या जिल्ह्यातील प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत अग्रभागी होते. साखरेच्या पोत्यांप्रमाणे शिक्षणाचेही उत्पादन मोजावे, ते शाळेच्या दारात न मोजता घरी व शेतावर जाऊन मोजावे, ही दृष्टी त्या पाहणीत दिसते.

आपल्या जिल्ह्याचा समावेश असलेली अलीकडची पाहणी २०१७ सालची. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षण-पाहणीत त्या वर्षी १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची विचारपूस करण्यात आली. देशातून २८ जिल्हे निवडले होते. महाराष्ट्रातून सातारा आणि अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हे दोन. या सर्व जिल्ह्यांत मिळून १४ व्या वर्षी शिक्षणाबाहेर असलेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर १८ व्या वर्षी सुमारे ३० टक्के आढळले. शिक्षण चालू असो वा नसो, ४२ टक्के मुलेमुली काम करीत होती. त्यांपैकी ७९ टक्के शेतीवर, आणि तेही बहुधा घरच्या.

हे आकडे मोलाचे आहेत. मात्र ते एकाच वेळचे आहेत. १४ वर्षांची मुले व १८ वर्षांची मुले ही निरनिराळी मुले होत. आज १४ वर्षांचा असलेला मुलगा चार वर्षांनी कोठे असेल, हे त्या आकड्यांवरून निश्चयाने सांगता येत नाही. शिवाय घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत घरी असलेलीच मुले सापडतात. जो चाकणला किंवा सुप्याला कारखान्यात लागला, जी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, ती त्या घराच्या हिशेबातून गळतात. म्हणजे ज्यांच्या आयुष्यात शाळेकडून कामाकडे जाणारा बदल सर्वांत आधी घडला, तीच नेमकी नजरेआड राहतात.

यासाठी दीर्घकालीन पाहणीची पद्धत निघाली. तिचे तत्त्व साधे आहे: माणसे तीच, प्रश्न तेच, आणि भेट ठराविक काळाने पुन्हा पुन्हा. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ५,३६२ जणांचा मागोवा असाच म्हातारपणापर्यंत घेण्यात आला. त्या कामाचे प्रमुख डग्लस यांनी १९६४ साली दाखविले की, ८ व्या वर्षी चाचणीत जवळजवळ सारखी असलेली मुले ११ व्या वर्षापर्यंत घरच्या परिस्थितीप्रमाणे एकमेकांपासून दूर जातात, आणि कामगारांची हुशार मुले लवकर शाळा सोडतात. एकदाच केलेल्या मोजणीत ही गोष्ट दिसली नसती.

आपल्या देशात आंध्र प्रदेशात, आजच्या तेलंगणासह, २००२ पासून ३,००० मुलांचा असा मागोवा घेण्यात आला. त्यांत १ वर्षाच्या व ८ वर्षांच्या मुलांचे दोन गट घेतले होते. धाकटा गट ८ वर्षांचा झाला की त्याची थोरल्या गटाशी तुलना करता येते. त्यामुळे वयाने घडलेला बदल कोणता आणि काळाने घडलेला कोणता, हे वेगळे काढता येते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा व किनखेड या गावांत ‘इक्रिसॅट’ या कृषिसंशोधन संस्थेने १९७५ पासून प्रत्येकी ४० कुटुंबांची पाहणी आरंभिली. तिची माणसे गावातच राहत. मध्यंतरी खंड पडला, तरी २००१ पासून ती पुन्हा सुरू झाली. त्यामुळे पहिल्या पाहणीतील मुले पुढे कर्ती माणसे म्हणून भेटली. गावात राहणारा मनुष्यच असे काम नीट करू शकतो, हा त्यातला धडा शिक्षकाने विशेष ध्यानी घ्यावा.

आपल्या जिल्ह्याला या पद्धतीची गरज अधिक आहे. येथे शाळा संपली व काम सुरू झाले, अशी सरळ रेघ नसते. पाथर्डी, शेवगाव वा जामखेड तालुक्यातील मुलगा दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो, उन्हाळ्यात परततो, जूनमध्ये पुन्हा वर्गात बसतो. दोन-तीन हंगामांनंतर मुकादमाच्या उचलीत त्याचाही हात धरला जातो. त्याने शाळा कोणत्या दिवशी सोडली? पटावर त्याचे नाव अजून असते. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड व हंगामी वसतिगृहे यांची योजना झाली; पण मूल वसतिगृहात राहिले की फडावर गेले, हे दरवर्षी पाहणारे कोणी नसेल तर योजनेचे फळ कळणार कसे? संगमनेरकडे घरी विड्या वळणाऱ्या मुलीचे कामही असेच. ते काम म्हणून कोणाच्या नोंदीत येत नाही.

यास्तव शिक्षकाने काय करावे? मोठी पाहणी हे त्याचे काम नव्हे. यंदा शाळेतून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या इयत्तेची एक वही करावी. मुलाचे नाव, रजिस्टर क्रमांक, वाडी-वस्ती, आणि ठावठिकाणा सांगू शकेल अशा एका नातेवाइकाचा दूरध्वनी, एवढे आधी लिहावे. मग वर्षातून एकदा, गळीत हंगाम संपून माणसे जत्रेला व लग्नकार्याला गावी येतात त्या सुमारास, चार प्रश्न विचारावेत: शिक्षण चालू आहे काय? काम करतो तर कोणते, कोणाकडे? रोजंदारीवर, उचलीवर की घरचे? केव्हापासून? मुलींच्या बाबतीत घरकाम व भावंडे सांभाळणे हेही काम म्हणून लिहावे. दरवर्षी विचारावे, पाच वर्षांनी एकदम विचारल्यास स्मरण दगा देते.

तीन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पहिले, न सापडलेल्या मुलाचे नाव खोडू नये. समजा २५ मुले बाहेर पडली, १८ सापडली व त्यांतील १६ शिकत आहेत. तर ‘१८ पैकी १६’ असे लिहिणे ही दिशाभूल होय. २५ पैकी १६ शिकतात, २ शिकत नाहीत, ७ जणांचा शोध लागला नाही, असेच लिहावे. ती ७ मुले बहुधा सर्वांत अडचणीत असतात. दुसरे, एका गावच्या २५ मुलांवरून जिल्ह्याची टक्केवारी काढू नये. अनेक शाळांच्या वह्या केंद्रात एकत्र आल्या म्हणजे मगच काही म्हणता येईल. तिसरे, ही वही चावडीवर वाचावयाची नाही. घरची गरिबी, मुलीचे लग्न, बापाची उचल या गोष्टी शिक्षकावरील विश्वासाने सांगितल्या जातात. तथापि लहान मूल मजुरीवर आहे किंवा अल्पवयीन मुलीचे लग्न ठरत आहे असे कळले, तर नोंद करून थांबणे पुरेसे नाही. तेथे मुलाला वाचविणे हे पहिले कर्तव्य.

अशी वही सांभाळण्यातली खरी अडचण बदल्यांची आहे. तीन-चार वर्षांत शिक्षक दुसऱ्या गावी जातो आणि त्याच्याबरोबर गावाची माहितीही जाते. म्हणून चार्ज देताना रजिस्टर, तक्ते व भांडारातील वस्तू यांच्या यादीत या वहीचीही नोंद करावी, आणि येणाऱ्या शिक्षकाने मागील वर्षाची पाने वाचून पुढचे पान भरावे. दहा वर्षांनी त्या वहीत एका पिढीचा शाळेपासून कामापर्यंतचा प्रवास दिसेल, आणि दाखला देताना ‘पालकांच्या विनंतीवरून’ या शब्दांखाली काय दडलेले असते, हे त्या शाळेला तरी ठाऊक असेल.