बाणावर काय लिहिले आहे?



भूगोल आणि विज्ञान शिकवणाऱ्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. बाहेरच्या दालनातले शैक्षणिक साहित्याचे प्रदर्शन मी सकाळी सावकाश पाहिले. ओघतक्ते, संकल्पना नकाशे, तुलनेचे तक्ते, स्मार्ट टीव्हीवर चालणारे पाठ. कुणी पदरमोड करून, कुणी गावातून लोकवर्गणी काढून हे उभे केले आहे. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच आज एकच मागणी करतो. हे आराखडे मुलांना काढू द्या.

पर्जन्यछायेचा पाठ घ्या. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या दहिवडीला तो पाचशेच्या आसपास असतो. हे समजावायला चलचित्र फार उपयोगी पडते, यात वाद नाही. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्री चढताना दिसतो, पलीकडे उतरताना दिसतो. पाठ संपतो. “समजले का?” असे विचारले की सगळा वर्ग “हो” म्हणतो.

आता टीव्ही बंद करा आणि मुलांना पाच शब्द द्या : समुद्र, वारा, डोंगर, ढग, पाऊस. प्रत्येक शब्दाभोवती चौकट काढायची, चौकटी बाणांनी जोडायच्या आणि प्रत्येक बाणावर जोडणारे शब्द लिहायचे. चौकटी सगळ्यांच्या सारख्याच येतात, कारण शब्द आपणच दिलेले असतात. फरक पडतो तो बाणांवर. ढगाकडून डोंगराकडे जाणाऱ्या बाणावर बरीच मुले ‘आपटतो’ किंवा ‘अडतो’ असे लिहितात. ढग डोंगरावर धडकून फुटतो आणि पाणी सांडते, असे चित्र त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. आपणही ‘डोंगर ढग अडवतो’ असे सहज बोलून जातो आणि त्याला खतपाणी घालतो. डोंगरामुळे हवा वर चढते, वर गेल्यावर प्रसरण पावून थंड होते, म्हणून तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. पलीकडच्या उतारावर तीच हवा खाली येताना दाबली जाऊन तापते आणि ढग विरतात. यातले ‘चढते’, ‘थंड होते’, ‘तापते’ हे मुलाच्या बाणांवर आले की पाठ पोचला. तोवर चलचित्र फक्त पाहिले गेले आहे.

अशा चौकटी-बाणांचा संकल्पना नकाशा जन्मला तोच मुळी मुलांची समज पाहण्यासाठी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी पहिली-दुसरीच्या मुलांना विज्ञान शिकवत होते. पाठ ध्वनिफितीवर होते, सोबत चित्रे आणि हाताळायच्या वस्तू होत्या. म्हणजे त्या काळातले बहुमाध्यम शिक्षणच. नंतर मुलांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या लेखी नोंदींचे ढीग साचले. मुलाच्या डोक्यात काय जुळले आणि काय सुटले, हे त्या ढिगातून दिसेना. म्हणून 1972 मध्ये त्यांनी मुलांचे बोलणे चौकटी आणि जोडशब्दांत मांडायला सुरुवात केली. त्यामागे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार होता : मुलाला आधीपासून काय माहीत आहे यावर त्याचे पुढचे शिकणे सर्वाधिक अवलंबून असते, ते आधी ओळखा. मुलाची समज शिक्षकाला वाचता यावी म्हणून निघालेले हे साधन आहे. शिक्षकाने रात्र जागून, स्केचपेनने रंगवून भिंतीवर लावलेला नकाशा देखणा असतो, पण त्यातून आपल्याला शिक्षकाचीच समज कळते.

चलचित्राबद्दल मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे प्रयोग प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावेत, असे मला वाटते. वीज कशी चमकते हे सांगणारे 140 सेकंदांचे चलचित्र त्यांनी 16 तुकड्यांत विभागले आणि पुढचा तुकडा केव्हा पाहायचा हे विद्यार्थ्यांवर सोपवले. सलग पाहणाऱ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांना नवे प्रश्न अधिक चांगले सोडवता आले. निवेदन कानावर पडत असताना तेच वाक्य पडद्यावर लिहून दाखवले तर शिकण्यात अडथळा येतो आणि विषयाशी संबंध नसलेले संगीत आकलनाला मारक ठरते, हेही त्यांनी दाखवले. बाजारातले आणि आपण स्वतः बनवलेले किती व्हिडिओ या कसोटीवर उतरतील? माझ्या मते स्मार्ट टीव्हीच्या रिमोटवरचे सर्वांत शैक्षणिक बटण थांबवण्याचे आहे. वारा डोंगराच्या पायथ्याशी आला की थांबा आणि विचारा, आता काय होईल?

साधन मुलांच्या हाती देण्याचा विचार महाराष्ट्राला परका नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बिया, पाने, खडे, शंख-शिंपले घेऊन आदिवासी मुलांना शिकवले. ती साधने मुलांच्या बोटांत होती. पुढे पुण्याच्या बालचित्रवाणी या संस्थेने मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार केले, 2017 पासून ‘दीक्षा’ हे डिजिटल शिक्षणाचे व्यासपीठ आले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले. पाहण्याची सोय वाढत गेली, त्या मानाने मुलांचा हात मागे पडला.

वेळ कुठून आणायचा, असे तुम्ही विचाराल. साठ मुलांचा वर्ग आणि संपवायचा अभ्यासक्रम मला ठाऊक आहे. प्रत्येक पाठाला असे आराखडे काढून घेऊ नयेत. कवितेच्या तासाला तर चौकटी आखूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्या पाठात कार्यकारणाची साखळी आहे, तिथे शेवटची दहा मिनिटे राखा. पाटी, वहीचे पाठकोरे पान, फरशीवर खडू, काहीही चालेल. सगळे आराखडे तपासायची गरज नाही, आठ-दहा पाहिले तरी उद्या कुठून सुरुवात करायची ते कळते. वर्गात दृष्टिहीन मूल असेल तर पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून बाण करा आणि जोडशब्द त्याच्या तोंडून ऐका.

संयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या अधिवेशनात शिक्षकांच्या तक्त्यांइतकीच जागा मुलांच्या आराखड्यांना द्यावी. खाडाखोडीसह, चुका न पुसता. त्याखाली शिक्षकाने दोन ओळी लिहाव्यात : हा बाण पाहून दुसऱ्या दिवशी मी वर्गात काय बदलले. आज दुपारच्या गटचर्चेत पर्जन्यछायेपासूनच सुरुवात करू. कोरे कागद दाराशी ठेवले आहेत.