दिवा कोणाचा, तेल कोणाचे?

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या बैठकीत केलेले भाषण)



आज धडा वाचायचा नाही असे म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत काही चेहरे खुलले. ते आम्ही पाहिले. पण पाट्या पिशवीत घालू नका. आज हिशेब आहे.

येत्या सोमवारी आपली ग्रामसभा आहे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर सौर पंप बसवायचा, हा विषय आहे. बसवण्याचा बराचसा खर्च बाहेरून मिळेल, असे सरपंच सांगतात. शिवाय दर घरामागे दरमहा 20 रुपये गावाने जमा करावेत, असेही त्यांचे म्हणणे आहे. परवा पारावर बसलो असता आमच्या कानावर आले, "गुरुजी, सूर्य काय बिल पाठवायलाय का? फुकटात मिळायलंय तर वीस रुपये कशापायी?" विचारणारा माणूस शहाणा आहे. म्हणून त्याचे उत्तर चारचौघांत द्यावे, असे आम्ही ठरवले.

तुमच्यापैकी पुष्कळांनी शहरातली पाणचक्की पाहिली असेल. कोर्टाची तारीख असली, दवाखान्याचे काम असले, की आपण पोराबाळांना ती दाखवून आणतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून तेथे आणले, उंच भिंतीवर चढवले आणि वरून खाली सोडले. पाण्याच्या जोराने चक्र फिरे आणि चक्राबरोबर जाते फिरे. दर्ग्यात उतरणारे फकीर, वाटसरू आणि गोरगरीब यांच्यासाठी पीठ निघे. धूर नाही, कोळसा नाही, तेल नाही. आज जिला स्वच्छ ऊर्जा म्हणतात ती आपल्या शहरात अडीचशे वर्षांहून अधिक काळापूर्वी फिरत होती.

आम्ही दरवर्षी शाळेची सहल तेथे नेत असू. सातवीतल्या एका मुलीने एकदा विचारले, "गुरुजी, नळ फुटला तर कोण बुजवीत होतं? त्याला पैसे कोण देत होतं?" आम्ही त्या काळच्या सरदारांची नावे सांगू लागलो. ती म्हणाली, "बांधलं कुणी ते नाही विचारलं." आम्ही गप्प बसलो. चाळीस मुलांसमोर मुख्याध्यापकाने गप्प बसावे, अशी वेळ फार थोडी येते.

त्या प्रश्नाचे उत्तर पुढे आम्हांला आमच्याच चुकीतून मिळाले. ती गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

आम्ही ज्या गावी नोकरीत होतो तेथे सौर दिव्यांचे नऊ खांब आले. दात्यांनी दिले, गावाने हार घातले, पेढे वाटले. देखभालीसाठी समिती झाली आणि आम्ही तिचे चिटणीस झालो. वही उघडली. पहिल्या पानावर सभासदांची नावे लिहिली. दुसऱ्या पानावर दोन महिन्यांची वर्गणी लिहिली. तिसरे पान कोरे राहिले. दिवे लागत होते, मग कोण कशाला पैसे देतो? आणि आम्ही तरी दारोदार का हिंडावे? शाळेचे काम होते, निवडणुकीचे काम होते. सबबी पुष्कळ होत्या.

सौर दिव्यात काचेची प्लेट असते. ती वीस-पंचवीस वर्षे टिकते. फक्त धूळ पुसावी लागते. पण दिवसाची वीज रात्रीसाठी साठवणारी बॅटरी इतकी टिकत नाही. चार-पाच वर्षांत साधी बॅटरी थकते. काही बॅटऱ्यांत अधूनमधून शुद्ध पाणी घालावे लागते. ते न घातले तर ती त्याआधीच जाते. हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारलेही नव्हते. चौथ्या वर्षी नऊपैकी दोन दिवे उरले. एक बॅटरी चोरीला गेली. विहिरीच्या वळणावरचा खांब अंधारात उभा होता. तेथेच एका म्हाताऱ्या आत्याबाई घागरीसह पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्या पुन्हा चालल्या नाहीत. त्यांच्याकडे भेटायला गेलो तेव्हा त्या आम्हांला एक शब्दही बोलल्या नाहीत. चहा घ्या म्हणाल्या. वही अजून आमच्या पेटीत आहे.

आता एका गावाने काय केले ते ऐका. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात दरेवाडी नावाची आदिवासी वाडी आहे. डोंगरात आहे. विजेची तार तेथवर पोहोचली नव्हती. 2012 साली तेथे 39 घरांसाठी सुमारे साडेनऊ किलोवॅटचा छोटा सौर वीजसंच बसला. संचाचा पैसा बॉश नावाच्या जर्मन कंपनीने दिला. पुण्याच्या ग्राम ऊर्जा या संस्थेने तो उभारला. वाडीने जागा दिली आणि अंगमेहनत दिली. येथवर आमच्या नऊ खांबांची आणि त्यांची गोष्ट सारखीच आहे. दात्याने दिले, लोकांनी घेतले.

फरक पुढे आहे. वाडीतल्या लोकांनी आपला एक न्यास नोंदवला. त्याचे नाव वनदेव ग्रामोद्योग न्यास. संच त्या न्यासाचा. दर घराला मीटर बसवला आणि जितकी वीज वापरली तितके पैसे घ्यायचे ठरले. युनिटचा दरही स्वस्त ठेवला नाही. तारेवरच्या विजेपेक्षा तो पुष्कळ जास्त होता. असे का? वाडीतल्या लोकांना हौस होती म्हणून नव्हे. त्या दरात चालवण्याचा खर्च होता आणि पुढे बॅटऱ्या बदलण्याचा पैसाही होता. प्लेट दुसऱ्याने दिली, पण बॅटरी आपली आपण घ्यायची, हे पहिल्या दिवशी ठरले. आम्ही हे चौथ्या वर्षी शिकलो, आणि तेही एका बाईचे हाड मोडल्यावर.

तुम्ही म्हणाल, दरेवाडी लांब आहे. मग आपल्याच तालुक्यातल्या पाटोद्याचे पाहू. वाळूजजवळचे पाटोदा. भास्करराव पेरे पाटलांच्या कारभारात त्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. तेथे ग्रामपंचायतीची गिरणी आहे. ज्याने घरपट्टी, पाणीपट्टी पुरी भरली त्याचे दळण फुकट. आमच्या मनात नेहमी ही गिरणी पाणचक्कीशेजारी उभी राहते. दोन्हीकडे फुकट पीठ. एका ठिकाणी सरदारांच्या पैशाचे, दुसऱ्या ठिकाणी गावकऱ्यांनी भरलेल्या पट्टीचे. सरदार गेले, चक्कीचे दळण थांबले. पट्टी दरवर्षी भरली जाते, गिरणी चालते. कर भरणे हे सरकारावर उपकार करणे नव्हे. ते आपल्या डब्यात पीठ टाकणे आहे, हे पेरे पाटलांनी लोकांना गिरणी दाखवून पटवले. नुसते भाषण करून ते झाले नसते. आमचे भाषणही त्यामुळे थोडक्यात आटपायला हवे, पण अजून थोडे आहे.

सूर्याच्या विजेसाठी पैसा आज तीन-चार वाटांनी येतो. त्या वाटा ओळखून ठेवा, कारण कागद वाचता येऊ लागल्यावर फसवणूक कमी होते.

एक वाट घराच्या छपराची. 2024 साली केंद्र सरकारने सूर्यघर योजना काढली. एक किलोवॅटला 30 हजार, दोन किलोवॅटला 60 हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78 हजार रुपये अनुदान. उरलेले आपले, किंवा बँकेच्या कर्जाचे. येथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. बिनबॅटरीचा संच तारेला जोडलेला असतो; तारेतली वीज गेली की तोही बंद होतो. ऊन कितीही असो. हे विचारून मगच सही करा.

दुसरी वाट शेतातल्या पंपाची. मागेल त्याला सौर कृषी पंप, या योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. बाकीचे सरकारचे. पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. सहाव्या वर्षाचे काय, हा प्रश्न येथेही आहेच, बरं का.

तिसरी वाट मोठ्या संचाची. आपल्याच जिल्ह्यात वैजापूर तालुक्यात धोंदलगाव आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला राज्यातला पहिला प्रकल्प तेथे 2024 साली सुरू झाला. तीन मेगावॅटचा. त्यातून शेतीच्या पंपांना दिवसा वीज मिळते. रात्री दोन वाजता गव्हाला पाणी धरायला गेलेल्याच्या घरी बायको कशी जागी असते, हे या वर्गातल्या भगिनींना सांगायला नको. साप, विंचू, आता बिबट्यासुद्धा. तेव्हा दिवसाची वीज ही चैनीची गोष्ट नव्हे. या योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरले आहे आणि ते दरवर्षी तीन टक्के वाढते. ग्रामपंचायतीला दरसाल पाच लाख, असे तीन वर्षांत पंधरा लाख मिळतात. भांडवल मात्र कंपनीचे आणि मालकीही तिचीच. आमच्या मते हे चांगले आहे, पण हा पाहुणा आहे. पाहुण्याने आणलेला खाऊ एका दिवसात संपवायचा की पंधरा लाखांतून गावाचे काहीतरी टिकाऊ करायचे, हे ग्रामसभेच्या हातात आहे. कमानीला पैसे घालणारी गावे आम्ही पाहिली आहेत.

चौथी वाट आम्हांला सर्वांत आवडते. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचे गाव आहे. 2016 साली तेथे सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. संस्थेची मदत होतीच, पण स्वतःचाही पैसा घातला. पंप चालवून उरलेली वीज ते कंपनीला विकू लागले. शेतात विजेचे पीक! वीज विकून पैसा मिळतो म्हटल्यावर माणूस पंप उगाच चालू ठेवत नाही; जमिनीतले पाणीही वाचते. आपल्या मराठवाड्याने याचा विचार करावा. आणि सहकार आपल्याला नवा थोडाच आहे? 1950 साली प्रवरानगरला शेतकऱ्यांनी भाग घेऊन साखर कारखाना काढला. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडले. ज्यांनी तेव्हा भाग घेतले, ते काही लखपती नव्हते.

आता कोणी म्हणेल, कोळशाचा धूर आम्ही केला नाही, मग पैसा आम्ही का घालावा? हे बोलणे न्यायाचे आहे. श्रीमंत देशांनी शे-दोनशे वर्षे कोळसा जाळला. 2024 साली बाकू शहरी जगातली राष्ट्रे जमली. गरीब देशांसाठी 2035 पर्यंत दरसाल 300 अब्ज डॉलर उभे करू, असे तेथे ठरले. गरीब देशांनी ते फार अपुरे म्हटले. ते भांडण चालू राहिले पाहिजे. पण ऋतू आपल्यासाठी थांबत नाही. 2015 साली पाण्यावाचून परळीचे वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणले. आणि 2025 च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात पुराने उभी पिके आणि मातीसुद्धा वाहून नेली. बाकूचा पैसा आपल्या वेशीत येईल तेव्हा येईल. आपल्या विहिरीचा पंप त्याच्या आधी बंद पडायला नको.

घ्या पाट्या. आपल्या गावात घरे 120. दर घराचे 20 रुपये. किती झाले? बरोबर, महिन्याला 2400. बारा महिन्यांचे? काशीबाई, बोटे मोजू नका, गुणाकार करा. 28 हजार 800. पाच वर्षांचे 1 लाख 44 हजार. व्याज वेगळे. पंपाचा नियंत्रक जळला, मोटार काढावी लागली, प्लेटा वादळात फुटल्या, तर या पैशाला हात घालायचा. तोवर नाही. देवळाच्या रंगालाही नाही. आम्ही देवळाविरुद्ध नाही. देवळाची वर्गणी वेगळी काढू.

वीस रुपये जड जाणारी घरे आपल्यात आहेत. आम्ही मोजली, नऊ आहेत. त्यांची नावे येथे घेणार नाही. त्यांनी महिन्यातून एक दिवस प्लेटा पुसायच्या, कुंपण पाहायचे. तो त्यांचा वाटा. पाणी मात्र सर्वांना सारखे. पैसे भरले नाहीत म्हणून कोणाची घागर रिकामी परत पाठवायची नाही. दरेवाडीत वीज मीटरने दिली, ते ठीक झाले. पिण्याच्या पाण्याला आमच्या मते तो नियम लावू नये. येथे तुमचे मत वेगळे असेल तर सोमवारी सांगा.

खाते बँकेत, दोन सह्यांचे. त्यांतली एक सही बचत गटाच्या बाईची असावी, असे आम्ही सुचवणार आहोत. कारण साधे आहे. गटाची वही आम्ही पाहिली आहे. अकरा वर्षांत तिचे एकही पान कोरे नाही. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पंचायतीच्या भिंतीवर खडूने लिहायचा. तो या वर्गाने लिहायचा आणि या वर्गानेच मोठ्याने वाचायचा. आकडा चुकला तर लगेच ओरडायचे, मग लिहिणारा कोणी का असेना.

चिटणीस कोण, हे ग्रामसभा ठरवील. आमचे नाव कोणी सुचवू नये. वय झाले, आणि शिवाय ती जुनी वही आहेच. सोमवारी ती आम्ही बरोबर आणणार आहोत. सभा सकाळी दहाला, शाळेच्या ओट्यावर.