पहाऱ्यावरची माणसं



मी जिथं उमेदवारी केली, त्या कारखान्यात सुटीचा भोंगा झाला की फाटकावर रांग लागे. रखवालदार एकेकाचा जेवणाचा डबा उघडून बघे. आत तांब्याची तार किंवा एखादं बेअरिंग तर नाही ना! तीस वर्षं लेथवर काढलेल्या आमच्या मिस्त्रींनाही डबा उघडावाच लागे. त्या वेळी ते दुसरीकडे बघत उभे राहत. किर्लोस्करवाडीच्या पहारेकऱ्यांची हकीकत वाचली, तेव्हा मला मिस्त्रीच आठवले.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांवर बेळगावातला आपला कारखाना हलवायची पाळी आली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली. जागा कसली, निवडुंगानं भरलेला माळ. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी ही वसाहत उभी राहू लागली. आणि या आडरानात रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी नेमले तुरुंगातून शिक्षा भोगून आलेले लोक!

कुणी याला भाबडेपणा म्हणेल. मला नाही तसं वाटत. ज्याला गावात कुणी दारात उभं करत नाही, त्याच्या भरवशावर सगळी वस्ती निजली, तर तो माणूस ती जोखीम जिवापाड सांभाळील, हे त्यांनी ताडलं असणार. वसाहतीत त्यांनी अस्पृश्यताही पाळू दिली नाही.

मला वाटतं, याच्या मागं त्यांचा स्वतःचा एक सल असावा. तरुणपणी मुंबईत ते तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवत. तिथं त्यांना डावलून बढती दिली गेली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. माणसाची पारख कामावरून न करता दुसऱ्याच कशावरून केली की काय होतं, हे त्यांनी सोसलेलं होतं.

हल्ली माणसावर असा विश्वास टाकण्याला लोककेंद्री नेतृत्व म्हणतात आणि त्याची शिबिरं थंड हवेच्या ठिकाणी भरतात. भरोत बापडी! पण श्रोतेहो, तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर उद्या कामावर गेल्यावर एवढंच बघा: कोठाराची किल्ली कुणाकडे असते, आणि ती आजवर कुणाच्या हाती कधीच दिली नाही. त्या माणसाला एकदा देऊन बघा.