जुन्या मोटारीचे इंजेक्टर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



मंडळाच्या व्यासपीठावरून मोटारीच्या दुरुस्तीविषयी बोलावे, याचे काहीजणींना हसू येईल. खुशाल हसा! परंतु देवळी-आर्वीकडच्या कितीतरी घरी जुनी मारुती ८०० अजून कामावर आहे. सासूबाईंना सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचे तेही तिच्यातूनच. ती अडून बसली की गॅरेजातून निर्वाळा मिळतो, "बाई, इंजेक्टर गेला." तो खरोखरच गेला का, हे आपल्याला कळावयास हवे.

ही मोटार १९८३ साली निघाली, तेव्हा तिला कार्बोरेटर होता. इंजेक्टर आले ते २००० सालाच्या सुमारास. समोर चोकची खुंटी असेल तर गाडी कार्बोरेटरची. खुंटी नाही आणि किल्ली फिरवताच इंजिनाच्या चित्राचा दिवा लागतो, तर ती इंजेक्टरची. तिचे बॉनेट उघडले की एका नळीला बोटाएवढी तीन नळकांडी ओळीने जोडलेली असतात. सिलिंडर तीन, म्हणून इंजेक्टरही तीन.

आता असे पाहा, शेगडी पेटेना तर आपण लगेच बर्नर बदलत नाही. आधी गॅस येतो का ते बघतो. इथेही तेच. इंजिन सुरू न करता किल्ली फिरवून कान द्या. मागच्या बाजूने क्षणभर घूंऽ असा आवाज येतो, तो टाकीतल्या पंपाचा. आवाजच नसेल तर आधी फ्यूज पाहावा, मग रिले, नंतर पंप. आमच्या गल्लीतील एका भगिनीला तिन्ही इंजेक्टर बदलावयास सांगितले होते. निघाला जळका फ्यूज!

गाडी उभ्याने नीट चालते पण चढावर दम टाकते, तर फिल्टर तुंबल्याचा संशय घ्यावा. इंजिन चालू ठेवून लांब पेचकसाचे टोक इंजेक्टरवर टेकवा आणि मूठ कानाशी धरा. टक्‌टक् ऐकू येते. (पदर घट्ट खोचा, पट्टा फिरत असतो.) एखादा मुका असेल तर त्याची वायर पाहा, उंदीर काय काय कुरतडतात ते आपण जाणतोच. वायर ठीक असल्यास मिस्त्रीला मीटर लावावयास सांगा. तिन्हींचा आकडा जवळपास सारखा यावा. एकाचाच फार निराळा आला तर मात्र तो इंजेक्टर खराब.

पंप पेट्रोलात बुडून थंड राहतो. म्हणून वर्ध्याच्या मे महिन्यात टाकी तळाला जाऊ देऊ नये.

मात्र पेट्रोलची नळी स्वतः सोडू नका. इंजिन बंद केल्यावरही तिच्यात दाब राहतो, आणि गरम इंजिनावर पेट्रोल उडाले तर भडका होतो. ते काम मिस्त्रीचेच. त्याने काही बदलले तर जुना भाग मागून घ्यावा.